तिकिटाआधी पासपोर्ट उघडा : बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिका, भाच्याच्या शिक्षणासाठी कॅनडा, नाहीतर दिवाळीच्या सुटीत दुबई. बेत ठरला की आपण आधी विमानाचे दर बघायला बसतो. पासपोर्ट कपाटातून बाहेर येतो तो एजंटने फोटो मागितल्यावर. तोवर तिकीट निघालेलं असतं आणि मग लक्षात येतं की आईच्या पासपोर्टवर आडनावच नाही, किंवा धाकट्याची मुदत दोन महिन्यांवर आली आहे.

या अडचणी क्वचितच पासपोर्ट कार्यालयात जन्माला येतात. त्या आपल्या घरच्या कागदांत वर्षानुवर्षं पडून असतात. शाळेच्या एलसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. म्हणून प्रवासाच्या तारखेपासून उलटं मोजत निदान सहा महिने आधी कामाला लागा. नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर वर्षभर आधी. सुरुवात अगदी साधी आहे : घरातल्या प्रत्येक जाणाऱ्याचा पासपोर्ट, आधार, पॅन, जन्मदाखला, एलसी आणि विवाहित असल्यास लग्नाचा दाखला एका टेबलावर मांडा आणि कागद-पेन घेऊन ओळीने वाचा.

मुदत : छापलेली तारीख पुरेशी नसते

पासपोर्टवर छापलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत तो भारताच्या दृष्टीने वैध असतो. ज्या देशात जायचं त्याचा हिशेब वेगळा असतो. संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया या देशांत पोहोचताना पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. समजा तुमचा पासपोर्ट 20 मे रोजी संपतो आणि दुबईला 5 डिसेंबरला पोहोचायचं आहे. पाच महिन्यांवर मुदत उरलेली दिसते, पण सहा महिने 5 जूनला पूर्ण होतात. चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास मिळणार नाही. तिथला कर्मचारी अडून बसतो असं वाटतं, पण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते, त्यामुळे ती अहमदाबादलाच थांबवते.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी तिथून निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने मुदत आणि व्हिसासाठी दोन कोरी पानं लागतात. अमेरिकेने भारतीय पासपोर्टला सहा महिन्यांच्या अटीतून सूट दिलेली आहे. तरी मुलांकडे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांनी इथे खास लक्ष द्यावं. पासपोर्ट मधेच संपणार असेल, तर तिथला इमिग्रेशन अधिकारी मुक्कामाची परवानगी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. शिकायला जाणाऱ्यांचंही तसंच. कॅनडाचा स्टडी परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दीड वर्ष उरलेला पासपोर्ट घेऊन जाणं म्हणजे परदेशात बसून नूतनीकरण आणि मुदतवाढ अशी दोन्ही कामं अंगावर घेणं.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो. याला री-इश्यू म्हणतात. माझा आग्रह असा की शेवटचं वर्ष सुरू झालं की प्रवास ठरलेला असो वा नसो, अर्ज करून टाकावा. उरलेले महिने वाया जातात अशी हळहळ काही जण करतात. त्यातल्या शेवटच्या सहा महिन्यांवर कितीतरी देशांत जाताच येत नाही, हे आपण वर पाहिलंच.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. 15 ते 18 वयाच्या मुलांना दहा वर्षांचा मागता येतो. पूर्ण कुटुंबाचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असले की आपण समजतो की सगळे एकदमच संपतील, आणि घोटाळा नेमका मुलांच्याच पासपोर्टवर होतो.

नाव : आपल्या घरांतला खरा गुंता

बडोद्यातल्या मराठी माणसाचं नाव दोन भाषांच्या आणि दोन रिवाजांच्या कागदांतून फिरत आलेलं असतं, त्यामुळे इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, क्रम. गुजरातच्या शाळांच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी लिहितात : शिंदे अजय रमेश. हाच क्रम पुढे परीक्षेच्या गुणपत्रिकेत आणि कधी आधारमध्येही उतरतो. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात, एक गिव्हन नेमचा आणि दुसरा सरनेमचा. वडिलांच्या नावासाठी मधला वेगळा रकाना नाही. घाईत भरणारा माणूस तिन्ही शब्द पहिल्या रकान्यात टाकतो आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवतो. असा पासपोर्ट निघतो, भारतात चालतोही, आणि व्हिसाच्या वेळी त्रास देतो. अमेरिकन व्हिसात मग संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, अशी नोंद येते. ज्यांच्या पासपोर्टवर एकच शब्द आहे, उदाहरणार्थ जुन्या पिढीतल्या बायकांचं नुसतंच ‘ताराबाई’, त्यांना तर नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीच्या पर्यटन व्हिसावर अडवलं जाऊ लागलं. पुढे त्यात थोडी शिथिलता आली, पण आजीला घेऊन दुबईला जायचं असेल तर तिचं आडनाव पासपोर्टवर चढवून घेणं हाच खात्रीचा मार्ग. बरोबर भरलेला अर्ज असा दिसतो : गिव्हन नेममध्ये ‘अजय रमेश’, सरनेममध्ये ‘शिंदे’. वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये घेणं बंधनकारक नाही. पण घेतलं तर ते पुढे व्हिसा, तिकीट, सगळीकडे घ्यावं लागेल.

दुसरी गोष्ट, ‘भाई’ आणि ‘बेन’. आपण घरी रमेशराव आणि सुनीताताई असलो तरी मतदार यादीत, एलसीवर किंवा लाइट बिलावर रमेशभाई आणि सुनीताबेन झालेले असतो. कारकुनाने आदराने लिहिलेला शब्द पुढे नावाचा भाग होऊन बसतो. मुलाच्या पासपोर्टवर वडील ‘रमेश’, वडिलांच्या स्वतःच्या पासपोर्टवर ‘रमेशभाई’. पुढे मुलगा परदेशातून आई-वडिलांना स्पॉन्सर करतो तेव्हा नातं सिद्ध करताना याच दोन अक्षरांवर प्रश्न येतो. स्पेलिंगचंही तेच. एकाच घरात वडील गायकवाडमध्ये ‘एआय’ लिहितात आणि मुलगा राजघराण्यासारखं ‘एई’ लिहितो. वामन ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, पवार ‘ए’ने की ‘ओ’ने, हे घरात एकदा बसून ठरवा.

तिसरी गोष्ट बायकांच्या नावाची, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिण्याचा आपला रिवाज आहे. माहेरची सुनंदा सासरी वैशाली होते. दहावीचा दाखला आणि डिग्री सुनंदाच्या नावावर, आधार आणि बँक वैशालीच्या नावावर. पासपोर्टसाठी या दोन वेगळ्या बायका आहेत.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवून फक्त पतीचं नाव जोडता येतं. जी मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणार आहे, तिने डिग्रीवरचं नावच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. सासरच्या मंडळींना तिला प्रेमाने वैशाली म्हणायला कोणी अडवत नाही. फक्त आडनाव बदलायचं असेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला आधार म्हणून चालतो. तो नसेल तर सेवासदनात, म्हणजे महापालिकेत, आधी नोंदणी करून घ्या. पण पहिलं नावच बदललं असेल, तर ते पूर्ण नावबदलात मोडतं. त्याला नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची मूळ कात्रणं आणि नव्या नावाची ओळखपत्रं लागतात. राज्याच्या गॅझेटमध्ये नाव छापून घेतलं तर पुढे आधार, पॅन, बँक सगळीकडे तोच कागद उपयोगी पडतो. या सगळ्याला आठवडे जातात. वर्षभर आधी सुरुवात करा असं सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा. मुळापासून वर या : जन्मदाखला किंवा एलसी, मग आधार, मग पॅन आणि बँक, शेवटी पासपोर्ट. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधार केंद्रावर जाण्याआधी अंतिम स्पेलिंग कागदावर लिहून घ्या आणि पावतीवर छापलेलं प्रत्येक अक्षर तिथेच वाचा.

जन्मस्थळाबद्दल थोडंसं. ज्येष्ठांच्या जुन्या पासपोर्टवर ‘बरोडा’ आहे, नव्या अर्जात मुलं ‘वडोदरा’ भरतात. शहर एकच, पण व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टमध्ये छापलेला शब्दच जायला हवा. एका घरातल्या माणसांनी आठवणीवर फॉर्म भरू नयेत, समोर पासपोर्ट ठेवून भरावेत.

पत्ता आणि पोलीस

दांडिया बाजारातला वाडा सोडून मंडळी मांजलपूरला किंवा वाघोडिया रोडला फ्लॅटमध्ये गेली, आधारवर मात्र अजून वाडाच आहे. अर्जात जुनाच पत्ता टाकला की पोलीस चौकशीत ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा येतो आणि फाइल अडकते. अर्जात सध्या जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या, आणि त्यासाठी आधार आधी बदलून घ्या. लाइट बिल, वापरात असलेल्या बँक खात्याचं पासबुक, नोंदणी केलेला भाडेकरार हेही पुरावे चालतात. पासपोर्ट स्पीड पोस्टाने याच पत्त्यावर येतो, त्यामुळे दारावर नाव आणि घरात माणूस दोन्ही असू द्या.

शेरा विरुद्ध गेलाच तर घाबरू नका. बडोदा अहमदाबादच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. तिथून खुलासा मागणारं पत्र येतं, त्याला कागदांसह उत्तर द्यायचं. फाइल क्रमांकावरून पोर्टलवर स्थिती बघत राहा. पत्र हाती पडलं नाही म्हणून महिनोन्महिने फाइल पडून राहते, हे फार होतं.

मुलगी पुण्यात हॉस्टेलवर असेल तर तिला अर्जासाठी बडोद्याला बोलावण्याची गरज नाही. 2018 पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो. चौकशी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते.

कोर्टात फौजदारी प्रकरण चालू असेल तर ते लपवू नका. व्यापारी मंडळींनी लक्षात ठेवावं की चेक परत गेल्याचा, कलम 138 चा खटलाही फौजदारीच असतो. अशा वेळी ज्या कोर्टात प्रकरण आहे त्याची परवानगी घेऊन अर्ज करण्याची सोय 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेने दिलेली आहे. परवानगी आणून अर्ज केला तर पासपोर्ट मिळतो. माहिती दडवली तर तो जप्त होऊ शकतो आणि शिक्षाही होऊ शकते. सरकारी नोकरांनी कार्यालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं, नाहीतर ठरलेल्या नमुन्यातलं पूर्वसूचनेचं पत्र वरिष्ठांना देऊन त्याची प्रत जोडावी.

अर्ज आणि अपॉइंटमेंटचा दिवस

सरकारी वेबसाइट एकच : पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाइलवर एमपासपोर्ट सेवा हे ॲप. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट जादा पैसे आणि तुमचे कागद दोन्ही घेतात, म्हणून पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच पैसे भरा. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, 60 पानीची 2000. तत्काळसाठी वर 2000. अठराखालच्या मुलांच्या पाच वर्षांच्या पासपोर्टचे 1000. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत आहे. वर्षातून दोन-तीनदा फिरणाऱ्याने 60 पानीच घ्यावा. पानं संपली म्हणून मुदत शिल्लक असताना पुन्हा पूर्ण फी भरण्यापेक्षा हे बरं.

एका अर्जावर अपॉइंटमेंट वर्षभरात तीनदाच बदलता येते. म्हणून कागद पूर्ण झाल्यावरच तारीख घ्या. जाताना सर्व मूळ कागद, त्यांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स, आणि री-इश्यू असेल तर जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या प्रतींसह. डिजिलॉकरमधून कागद जोडले असले तरी मूळ प्रती बरोबर ठेवा. फोटो तिथेच काढतात, फक्त चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो न्यायचा असतो. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात आणि बोटांचे ठसे घेतात. बीवर पडताळणी आणि सीवर मंजुरी. ए काउंटरवरचा स्क्रीन तुमच्याकडे वळवलेला असतो. नाव, आडनाव, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, सगळं तिथे अक्षर-अक्षर वाचा आणि चूक असेल तर तेव्हाच सांगा. छापून आल्यावर त्याच चुकीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते. एक जण परदेशात किंवा दूर असेल तर त्यासाठी वेगळा नमुना आहे, तो आधी सही करून मागवा. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तो काढताना बाळाचं नाव त्यावर लिहिलेलं आहे ना, हे पाहा. नामकरणाआधी काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते.

नवे पासपोर्ट आता चिपवाले ई-पासपोर्ट म्हणून निघू लागले आहेत, मुखपृष्ठावर खाली छोटी सोनेरी खूण दिसते. जुना बिनचिपीचा पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत चालतो, केवळ चिपेसाठी बदलण्याची घाई नको.

फाटलेला, भिजलेला, जुना

पासपोर्टचं फोटोचं पान पाण्याने फुगलं असेल, कडा सुटल्या असतील किंवा शिवण उसवली असेल तर तसाच प्रवास करू नका. तो खराब पासपोर्ट म्हणून बदलून घ्या, फी 3000 रुपये. त्यावर स्टेपल मारू नका, मुलांना रंगवायला देऊ नका, फोन नंबर लिहू नका. आणि जुन्या सहलीची नोंद घरच्यांपासून लपवावी म्हणून पान फाडण्याचा विचार तर कधीच नको. मुंबई विमानतळावर अशा लोकांना अटक झालेली आहे. पासपोर्टात फेरफार हा गुन्हा आहे.

नवा पासपोर्ट काढताना जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून तो परत देतात. तो टाकू नका. त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत बाकी असेल, तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन त्याच व्हिसावर जाता येतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनचे व्हिसे मात्र आता ऑनलाइन नोंदलेले असतात, पासपोर्टच्या क्रमांकाशी बांधलेले. क्रमांक बदलला की त्या देशाच्या खात्यात जाऊन नवा क्रमांक भरावा लागतो. हे विसरलं की चेक-इनच्या संगणकाला तुमचा व्हिसा सापडत नाही.

व्हिसाच्या अर्जात पासपोर्ट काही आठवडे दूतावासाकडे राहतो, हेही गृहीत धरा. एकाच महिन्यात सिंगापूर आणि युरोप ठरवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

दहावी न झालेले आणि आखाती देशांत नोकरीला जाणारे यांनी पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, असा शिक्का आहे का ते पाहावं. असल्यास संयुक्त अरब अमिरात, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी मंजुरी, लागतो. फिरायला जाताना लागत नाही. दहावी पास असाल तर तो दाखला जोडून शिक्का काढून घेता येतो. एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे नोकरी लावून देतो’ म्हणाला तर जाऊ नका. क्लिअरन्स आपल्याच माणसांच्या रक्षणासाठी आहे. तो टाळून गेलेल्याला अडचणीत हात द्यायला कोणी उरत नाही.

तिकीट आणि निघण्याचा दिवस

तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. पासपोर्टवर ‘अजय रमेश शिंदे’ असेल तर तिकिटावर ‘अजय रमेश’ हे पहिलं नाव, ‘शिंदे’ आडनाव. एजंटला नाव फोनवर सांगू नका. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत द्या आणि आलेलं तिकीट पासपोर्टच्या शेजारी धरून वाचा. चूक त्याच दिवशी लक्षात आली तर दुरुस्ती सोपी असते. बहुतेक बडोदेकर अहमदाबादहून किंवा मुंबईहून उडतात. एक्स्प्रेसवेला लागण्याआधी गाडीत प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून नाव आणि फोटो बघा. नवरा-बायकोने एकमेकांचे किंवा मुलांचे जुने पासपोर्ट उचलून आणलेले असतात, आणि 110 किलोमीटर गेल्यावर परत फिरायला वेळ नसतो.

पहिल्या आणि शेवटच्या पानांची, व्हिसाची स्कॅन प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एक छापील प्रत दुसऱ्या बॅगेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका.

परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या आणि भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा. वेळ असेल तर तिथेच नवा पासपोर्ट मिळतो. लगेच परतायचं असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र देतात, ज्यावर फक्त भारतात एकदा परत येता येतं. त्यासाठी हरवलेल्या पासपोर्टची प्रत जवळ असली की काम खूप लवकर होतं. दूतावासात हरवल्याची नोंद झाली की तो क्रमांक रद्द होतो. पुढे पासपोर्ट सुटकेसच्या अस्तरात सापडला तरी त्यावर प्रवास करू नका, कुठल्याही सीमेवर तो हरवलेला म्हणूनच दिसेल आणि तुम्हाला अडवतील. आपत्कालीन प्रमाणपत्रावर बडोद्यात परतल्यावर हरवलेल्या पासपोर्टच्या रकान्यात नवा अर्ज करा, 36 पानीला 3000 रुपये फी भरा आणि पोलीस तक्रारीची मूळ प्रत सोबत न्या.